एक बाथरूम पगार

पैसे मोजायला कुणी रुपये वापरतं, कुणी डॉलर. आमच्या समोर राहणारे तातेराव मिस्त्री बाथरूम वापरतात.

मी जिंतूरला राहायला आलो त्या दिवसाची गोष्ट. टेम्पोतून आमचं सामान उतरत होतं आणि माझी बायको सुनंदा कपाट कुठून आत न्यायचं यावरून हमालांशी हुज्जत घालत होती. समोरच्या घरापुढे एक गृहस्थ लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हा सोहळा बघत होते. साठीच्या आसपासचे, काटकुळे, बोटांच्या भेगांत सिमेंट कायमचं मुरलेलं. त्यांनी मला हातानेच जवळ बोलावलं. आमच्या भागात नवा माणूस आला की आधी गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि तेवढ्यावरून पत्ता लागला नाही तर पाव्हणे कुठले ते विचारतात. या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही.

"सर, तनखा काय म्हनती?"

निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला, पण पगाराला तनखा म्हणणारी माणसं आमच्याकडे अजून आहेत. मी गडबडलो. पगार विचारल्यावर माणूस जसा आकडा सांगतो तसा सांगितला, म्हणजे थोडा फुगवून. त्यांनी डोळे मिटले, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत हिशेब केला आणि निकाल दिला.

"चार बाथरूम. बरी हाय."

आणि पुन्हा कपाटाकडे बघायला लागले.

तातेराव फरशी बसवणारे मिस्त्री आहेत हे मला संध्याकाळी कळलं. शहाबादी फरशीच्या काळापासून गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. पाच बाय सातचं एक बाथरूम, जुनं फोडण्यापासून नळाला पाणी येईपर्यंत, माल घरमालकाचा आणि मजुरी मिस्त्रीची, असं ते अंगावर घेतात. त्या मजुरीला ते 'एक बाथरूम' धरतात. सिमेंट महागो की रुपया पडो, हे चलन आपलं जागेवर असतं. "हिसाब साधा हाय," असं म्हणून ते कुणाचाही पगार जागच्या जागी त्यात बदलून देतात. बँकेतला कॅशियर साडेतीन बाथरूम. पोस्टमन दोन. तहसीलदार पाच, वर एक टाकी. तलाठ्याचं मात्र त्यांनी कधी मोजलं नाही. "टाकी केवढी हाय मालूम न्हाई तवर पानी मोजू न्हाई," एवढंच म्हणायचे.

आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक प्राध्यापक आहेत. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर शुभेच्छा. त्यांना डॉक्टरेट मिळाली तेव्हा ते पेढे द्यायला आले आणि माझ्या ओट्यावर तातेरावांच्या तावडीत सापडले. त्यांनी खरा आकडा सांगितला. तातेरावांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले.

"वॉशबेशिन," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "तेबी नळ सोडून."

डॉक्टरसाहेब मोठ्याने हसले. जाताना मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, मिस्त्रीकडे माणूस लागतो का हो?

मी अर्थशास्त्र शिकवतो. शिक्षण वाढलं की उत्पादकता वाढते, उत्पादकता वाढली की वेतन वाढतं, हे मी दरवर्षी फळ्यावर वर चढत जाणारी रेघ काढून सांगतो. एकदा तातेरावांनी विचारलं, काय शिकवता म्हणून, तर त्यांनाही सांगितलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला.

"कोनाचं?"

त्यानंतर ती रेघ काढताना माझा खडू थोडा अडतो, हे वर्गातल्या कुणाच्या लक्षात आलं नसावं.

दुसरी त्यांची प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ती लाल खुर्ची. तातेराव जिथे जातील तिथे खुर्ची. मोटारसायकलच्या मागे सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधलेली. एसटीत खुर्ची घेऊन चढू देत नाहीत म्हणून बोरीला भाचीच्या लग्नाला ते भर उन्हात गाडीवरून गेले. पंगत खाली बसली, हे पत्रावळ मांडीवर घेऊन खुर्चीत. वाढपी वाकून वाढत आले आणि यांच्यापाशी येऊन सरळ उभे राहिले.

"मिस्त्री, खाली बसा की," कुणीतरी म्हणालंच.

"मी खाली बसलो की माझा डोळा ढाळावर जातो," तातेराव म्हणाले. "मंग जेवन ग्वाड लागत न्हाई."

ढाळ म्हणजे फरशीचा उतार. पाणी कुठे जाणार ते ठरवणारा. मिस्त्रीची सगळी अब्रू त्यात असते.

विहारात तर वादच झाला. आमच्या वस्तीतल्या विहाराची फरशी तातेरावांनी एक पैसा न घेता बसवली आहे, आणि अशी बसवली आहे की भर उन्हाळ्यात वंदनेला बसलं तर उठावंसं वाटत नाही. सगळी वस्ती खाली बसते, आणि ज्याने फरशी बसवली तो माणूस दाराजवळ खुर्ची टाकून. वस्तीतले एक जुने गुरुजी एका रविवारी चिडले. "तातेराव, बुद्धापुढं खुर्ची शोभते का?"

"गुर्जी, ही फरशी माझ्या हातची हाय. लेकरासारखी. आपल्या लेकरावर कोनी बसतं का?"

गुरुजींना यावर वचन सापडलं नाही. पण बाहेर पडल्यावर सगळे म्हणाले ते एकच, मिस्त्रीला पैशाचा माज आलाय. मलाही तसंच वाटत होतं. कामावरसुद्धा ते आता खुर्चीतच असायचे. बाथरूमच्या दारात खुर्ची, आत दोन कारागीर उकिडवे, आणि हे काठीने दाखवणार: ती उचल, हिच्याखाली माल कमी हाय, वाजवून बग. काम संपलं की घरमालकाला बोलावून एक मग पाणी ओतायचे आणि ते सगळं मोरीच्या जाळीत जाईपर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत. मग म्हणायचे, "पानी खोटं बोलत न्हाई."

तातेरावांना एकच मुलगा, सिद्धार्थ. परभणीला संख्याशास्त्र घेऊन पदवी केली, पुण्यात कसलासा कोर्स केला आणि तिथेच डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून लागला. वस्तीत पहिलाच. तातेरावांनी घरोघर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात पेढ्याबरोबर पगारही सांगितला.

"एक बाथरूम. तेबी इंडियन, कमोड न्हाई."

सिद्धार्थने पहिल्या दिवशी ऑफिसातून फोन केला तेव्हा मी त्यांच्यापाशीच होतो. पोरगं कौतुकाने लिफ्ट सांगत होतं, कॉफीचं मशीन सांगत होतं. तातेरावांनी त्याला मध्येच तोडलं. "ते जाऊ दे. बसायला काय हाय?" पलीकडून उत्तर आलं तसा त्यांनी फोन बायकोकडे दिला. या माणसाला पुण्यातल्या एवढ्या मोठ्या ऑफिसात खुर्चीच आठवावी, याचं मला हसू आलं.

दिवाळीला सिद्धार्थ आला की ओट्यावर त्याची उलटतपासणी व्हायची. प्रेक्षक म्हणून आम्ही.

"मंग तू तिथं करतो काय?"

"बाबा, लोक मोबाइलवर वस्तू निवडतात, टोपलीत टाकतात आणि न घेता निघून जातात. ते का जातात ते आम्ही शोधतो."

"म्हंजे गिऱ्हाईक आलं, माल हाताळला आन् न घेता गेलं."

"हो."

"आन् ह्याची तुला तनखा."

"हो, बाबा."

तातेराव माझ्याकडे वळले. "सर, जिंतूरच्या समद्या कापडवाल्यांची मंग लय वर्सांची तनखा ऱ्हायली की."

ओटा हसून हसून लोटपोट. सिद्धार्थही हसायचा, पण त्याची मान खाली असायची. पुण्याहून आलेल्या मुलाला गल्लीने जरा वेगळ्या नजरेने बघावं, एवढी त्याची साधी अपेक्षा. आणि बाप प्रत्येक सुट्टीत त्याला गल्लीपुढे उभा करून बाथरूमने मोजायचा. सुनंदा मला म्हणायची, असला कसला बाप. मी म्हणायचो, ज्याच्या हाती पैसा त्याच्या तोंडी माप.

मागच्या उन्हाळ्यात सिद्धार्थ आला आणि परत गेला नाही. कंपनीने एका सकाळी पत्र पाठवलं होतं. भाषा फार गोड. तुमचं योगदान मोलाचं आहे, कामाचं स्वरूप बदलत आहे, पुढच्या प्रवासाला शुभेच्छा. गिऱ्हाईक न घेता का जातं, हे आता यंत्र आपलं आपण शोधणार होतं. तातेरावांनी गल्लीत सांगितलं, "घरून काम करायलाय." गल्लीने मान डोलावली. घरून काम करणारा मुलगा दुपारी बारा वाजता चक्कीवर दळण घेऊन उभा असतो का, हे कुणी विचारलं नाही. आमची गल्ली तोंडाळ आहे, पण अगदीच दुष्ट नाही.

सिद्धार्थ गच्चीवर जाऊन इंग्रजीत मुलाखती द्यायचा. मोबाइलला रेंज तिथेच. खाली उतरताना त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं की निकाल कळायचा. सोयाबीन पेरलं गेलं, उगवलं, तरी हेच चाललेलं.

त्याच सुमारास आमच्या बाथरूमचं काम निघालं. त्यात पाणी जाळीकडे न जाता दाराकडे यायचं आणि तिथून पाहुण्यासारखं थेट बैठकीत. आधीच्या घरमालकाने ते दुसऱ्याच कुणाकडून करून घेतलं होतं. "ह्ये माझं काम न्हाई," हे तातेरावांनी आम्ही राहायला आलो त्याच दिवशी जाहीर केलं होतं. आता त्यांनी ते अंगावर घेतलं. फोडाफोडी झाली, भिंती झाल्या, तळ तेवढा राहिला. अशात एका सकाळी सिद्धार्थ लॅपटॉप उघडा धरून आमच्या घरात आला आणि बापाच्या खुर्चीपुढे उभा राहिला. दोन्ही कारागीर आतून बाहेर आले. सुनंदा स्वयंपाकघरातून आली.

"बाबा, हे बघा. ही लाल पट्टी म्हणजे माझा पुण्यातला पगार. त्यातून खोलीचं भाडं, मेस, जाण्यायेण्याचा खर्च वजा केलाय. आणि ही निळी पट्टी म्हणजे इथल्या फरशी मिस्त्रीची कमाई. घरी राहून."

निळी पट्टी उंच होती. लाल तिच्या कमरेला पोचत नव्हती. मी अर्थशास्त्राचा माणूस म्हणून त्यात चूक शोधायला चष्मा लावून वाकलो. सापडली नाही.

"हिशेब तुमचाच आहे, बाबा. मी नुसते रंग भरले. आता नोकरी बघत नाही. उद्यापासून तुमच्यासोबत येतो."

एक कारागीर आनंदाने ओरडलाच, "मिस्त्री, जितलात की तुमी!" आणि खरंच होतं ते. इतकी वर्षं जे एकट्याने सांगत आले ते पोटच्या पोराने रंगीत करून दाखवलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस पेढे आणणार आणि या वेळचे पेढे मोठे असणार.

तातेराव त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रंग लय भारी हायत," आणि काठी उचलून कारागिरांना आत पिटाळलं.

पुढचे दिवस ते सबबी सांगत राहिले. आज धूळ लय हाय. आज कटर नादुरुस्त हाय. एके दिवशी तर म्हणाले, आज अमावस्या हाय, नव्या माणसाने थापी धरू न्हाई. उभ्या आयुष्यात त्या घराने अमावस्या पाळलेली नव्हती. सिद्धार्थ मुकाट्याने बादल्या भरायचा, माल कालवायचा. पण बघत असायचा.

मग ती दुपार आली. कारागीर जेवायला गेले होते. दुकानदाराने चुकीची जाळी पाठवली म्हणून तातेराव ती बदलायला बाजारात गेले होते. जाळीभोवतीच्या चार फरश्या तेवढ्या बसवायच्या राहिल्या होत्या. सगळ्यांत अवघड काम तेच. चारी बाजूंनी उतार तिथे येऊन मिळतो आणि एक फरशी केसभर चुकली तर पाणी जन्मभर तिथेच रेंगाळतं. सिद्धार्थने इकडेतिकडे बघितलं, पँट वर सरकवली आणि उकिडवा बसला.

मी दारातून बघत होतो. माल पसरला, फरशी ठेवली, रबरी हातोडीने वाजवली, कान देऊन ऐकलं, परत उचलली, चिमूटभर माल काढला, परत ठेवली. जिभेचं टोक बाहेर आलं होतं. त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. बापाला इतकी वर्षं बघून हातात उतरलं असणार. चौथी फरशी बसली तेव्हा त्याने वर बघितलं आणि हसला. पुण्याहून आल्यापासून मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं.

तेवढ्यात तातेराव आले. दारात थांबले. खाली बघितलं, मुलाकडे बघितलं.

"तू बसवल्या?"

"हो, बाबा."

"जा, मागच्या नळाला हात धू. सिमेंट हात खातं."

सिद्धार्थ मागे गेला. तातेराव खुर्चीत बसले आणि काठीने चारी फरश्या वाजवून बघितल्या. कुठेच पोकळ आवाज नाही. मग बादलीतून अर्धा मग पाणी घेतलं आणि कोपऱ्यात सोडलं. पाणी निघालं ते सरळ जाळीच्या भोकापाशी आलं आणि आत गेलं. दुसऱ्या कोपऱ्यातून सोडलं, तेही तसंच. मागे थेंब राहिला नाही.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी दुसरा शब्द शोधत नाही, ते सुख होतं. फार वेळ टिकलं नाही. त्यांनी हातातला मग खाली ठेवला, दाराची चौकट धरली आणि खुर्चीतून उतरून हळूहळू फरशीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना जमिनीवर बसलेलं मी प्रथमच बघत होतो. बसताना ओठ आवळले होते आणि कपाळावर घाम आला होता. त्यांनी थापी उचलली, तिचं टोक पहिल्या फरशीखाली घातलं आणि ती उपटली. मग दुसरी. मग उरलेल्या दोन्ही.

"मिस्त्री, अहो काय करताय?" मी म्हणालो.

आवाज ऐकून सिद्धार्थ ओल्या हातांनी धावत आला. तोवर तातेराव भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसले होते. जणू आरामात.

"ढाळ उलटा बसला. पानी दाराकडं यायलंय."

मी तोंड उघडलं. तातेरावांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

"मी लेव्हल लावून बघितलं होतं, बाबा."

"लेव्हलला काय कळतंय? तुझा हात ह्या कामाचा न्हाई. उभ्या जन्मात जमनार न्हाई तुला. घरी जा, ते डबडं उघड आन् अर्ज टाक."

सिद्धार्थने त्या उपटलेल्या फरश्यांकडे बघितलं. एखाद्याला जगात एकच गोष्ट जमली असावी आणि तीही जमली नाही असं त्याला सांगावं, तसा तो उभा होता. मग निघून गेला. समोरचं दार वाजल्याचा आवाज आमच्या घरापर्यंत आला.

तातेराव तो आवाज येईपर्यंत थांबले होते.

"सर," ते म्हणाले, "हात द्या. मला उठता येत न्हाई."

मी काखेत हात घालून त्यांना उचललं. गुडघ्यांतून वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी डोळे मिटले, तनख्याचा हिशेब करताना मिटायचे तसेच. पण ओठ हलत नव्हते.

"पाणी जाळीत गेलं होतं, मिस्त्री," मी म्हणालो. मला राग आला होता. "पाणी खोटं बोलत नाही म्हणता ना? मग आज तुम्ही बोललात."

"तुमी बगितलं?"

"बघितलं."

"लय साफ गेलं, न्हाई?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "चारी अंगानं. त्याच्या वयाला मला येत नव्हतं असं, सर. मला माझ्या मिस्त्रीनं जाळीला हातबी लावू दिला नव्हता."

"मग कशाला उपटल्या?"

"म्हनूनच. वाईट बसवल्या असत्या तर ऱ्हाऊ दिल्या असत्या. आपोआप कटाळला असता." त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. "चांगलं बसवनाऱ्याला लोक उठू देत न्हाईत, सर. आज ह्याचं हाय, उद्या त्याचं हाय, पालमहून मानूस आलाय, बोरीहून आलाय, मिस्त्री तुमीच पायजे. आमी बसलो ते बसलोच. त्याच्या पट्टीत समदं व्हतं बगा. भाडं व्हतं, मेस व्हती. गुडघा न्हवता. मीबी कधी धरला न्हाई. धरला असता तर एवढी वर्सं मोठ्या तोंडानं काय बोललो असतो?"

"डॉक्टरला दाखवलं का?"

"कवाच. ते म्हनले, खाली बसनं बंद. आता सांगा, फरशीवाला फरशीवर बसू शकत न्हाई असं गावाला कळल्यावर काम कोन दील? त्याच्यापरीस माज आलाय म्हनू द्या. माजाला काम मिळतंय."

मला बोरीची पंगत आठवली, विहाराचं दार आठवलं, गुरुजी आठवले. गावभर फरश्या बसवलेला हा माणूस, आणि त्याला बसता येईल अशी एकही फरशी गावात नव्हती. मी उगाच मग विसळायला घेतला.

"त्याला सांगू नका," तातेराव म्हणाले. "चांगलं बसवलं व्हतं असं कळलं की उद्या परत उकिडवा बसल."

कारागीर जेवून आले आणि जाळीभोवतीचं काम त्यांनी केलं. तातेरावांनी काठी उचलली नाही की पाणी ओतलं नाही. आमच्या बाथरूममध्ये आजही जाळीजवळ वाटीभर पाणी साचतं. सुनंदा ते रोज खराट्याने लोटते आणि लोटताना तातेराव मिस्त्रींचा उद्धार करते. एवढं नाव आणि हे काम! मी पेपर वाचत असतो. नवऱ्याने कधी पेपर वाचावा हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळतं.

सिद्धार्थ महिनाभर बापाशी बोलला नाही. अर्ज मात्र टाकत राहिला, बहुधा रागानेच. आणि दिवाळीच्या तोंडावर त्याला पुण्यात दुसरी नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी. तातेरावांनी या वेळीही पेढे वाटले आणि चहाच्या टपरीपासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

"पाऊन बाथरूम! त्याच्यात शावर धरू नका."

लोक हसले. मीही हसलो, जमेल तेवढा.

तो कामावर रुजू झाला त्या दिवशी तातेराव सकाळपासून खुर्ची घेऊन माझ्याच ओट्यावर होते. फोन मांडीवर. चहा दोनदा झाला. दुपारी फोन वाजला, तो त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला आणि आवाज मोठा ठेवला. कान आता जरा जड झालेत. सिद्धार्थ तुटक बोलत होता. पोचलो. हो, जेवलो. साहेब बरे आहेत. पगार महिन्याच्या शेवटी.

"तनखा ऱ्हाऊ दे," तातेराव म्हणाले. "बसायला काय हाय?"

"खुर्ची आहे, बाबा. दुसरं काय असणार?"

"पाठ टेकती का?"

"हो."

"हात ठिवायला हाय?"

"आहे."

"चाकं?"

"आहेत, बाबा. चाकं आहेत. फिरतेसुद्धा." त्याचा आवाज जरा सैल झाला होता. "का हो?"

"काय न्हाई. बस मंग निवांत. उठायची घाई करू नको."

फोन त्यांनी खिशात टाकला. मग माझ्याकडे वळले. मी आलो त्या दिवशी माझा पगार मोजतानाही त्यांचा चेहरा इतका गंभीर नव्हता.

"चाकाची हाय, सर," ते म्हणाले. "तहसीलदाराच्या खुर्चीला बी चाकं न्हाईत. मी सोता बगून आलोय."